डबी डॉक्टरच्याच हातात द्या

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात दाराआड जुन्या पिशव्या साचतात ना, एकीत एक कोंबलेल्या, तसे ते साचतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. नांदेडला आमच्या दवाखान्यात दुपारच्या चहाला डॉक्टर मंडळी बसली की हेच होतं. मला फक्त एक गोष्ट खटकते. कुणीही कुठलाही किस्सा ओढला तरी त्यातून बाहेर येतो तो दिनकरच!

दिनकर म्हणजे आमचा छातीचा डॉक्टर. मूळचा नायगावचा. मी शैला, रेणापूरची, म्हणजे लातूर जिल्ह्यातली. आम्ही एकाच बॅचचे. तो म्हणतो, "लातूरची हुशारी अन् नांदेडचं नशीब, दोन्ही एकाच दवाखान्यात आलंय!" यात नशीब कुणाचं ते त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट, म्हणजे जंतूंची डॉक्टर. तो वरच्या मजल्यावर पेशंट तपासतो. मी तळमजल्यावर लॅबमध्ये त्याच पेशंटचे जंतू वाढवते, ओळखते आणि कुठल्या औषधानं मरतील ते त्याला कळवते. मग तो ते औषध देतो. मग पेशंट बरा होतो. मग पेशंट त्याच्या पाया पडतो.

यात मी कुठं गेले, ते दिसलं का कुणाला? नाही ना? कुणालाच दिसत नाही!

तेव्हा आज किस्से मी सांगणार. आणि आधीच कबूल करते, मी दिनकरवर जळते. अगदी मनापासून जळते. तो माणूस चांगला आहे हीच तर अडचण आहे. वाईट असता तर जळायला किती सोपं गेलं असतं!

*

आधी आमचा धंदा काय ते सांगते, दोन मिनिटांत.

साथीचा ताप येतो. कधी फ्लू, कधी कोरोना. हे विषाणू. माणूस तापतो, खोकतो आणि बहुतेक वेळा आपोआप बराही होतो. पण काहींच्या बाबतीत हा पाहुणा जाताना दार उघडं टाकून जातो. मग त्या उघड्या दारातून दुसरेच जंतू छातीत शिरतात. ताप उतरून भाकरी खायला लागलेला माणूस पुन्हा थंडी वाजून झोपतो. हा दुसरा ताप पहिल्यापेक्षा वाईट. आत कोण शिरलंय हे कळेपर्यंत औषध म्हणजे अंधारात दगड मारणं. आणि ते कळण्यासाठी लागतो बेडका. छातीतून खोकून काढलेला कफ. तो एका झाकणाच्या डबीत घेऊन नातेवाईक माझ्या लॅबच्या खिडकीत येतात.

मी विचारते, "कुणी पाठवलंय?"

ते म्हणतात, "डॉक्टरनी."

दिवसभर हेच. "कुणी पाठवलंय?" "डॉक्टरनी." अरे, मग मी कोण आहे?

एकदा नायगावकडचे एक काका आले. धोतर, टोपी, हातात डबी घट्ट धरलेली. मी खिडकीतून हात पुढे केला. काकांनी डबी मागे घेतली.

"डॉक्टरनी सांगितलंय, कुणाच्याबी हातात देऊ नका. डॉक्टरच्याच हातात द्या."

"द्या की मग. मीच डॉक्टर आहे."

काकांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही बाई हाव."

"बाई पण आहे आणि डॉक्टर पण आहे."

"तसं नव्हं हो बाई. खरे डॉक्टर कुठं हायत?"

मी काही बोलणार तेवढ्यात मागून आमचे लॅब टेक्निशियन ख्वाजाभाई चष्मा पुसत आले. ख्वाजाभाईंना मोठ्या मिशा आहेत. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात लांब करून डबी त्यांच्या हातात दिली.

"नमस्कार डॉक्टरसाहेब! जरा लवकर बघा, पोरगं लई हैराण हाय!"

ख्वाजाभाईंनी डबी घेतली, मान हलवली आणि इतक्या गंभीरपणे म्हणाले, "फिकर नको करू काका, मैं देखता." मग डबी माझ्यापुढे ठेवून हळूच, "लो म्याडम, देखो."

*

अर्धापूरचा एक तरुण शेतकरी. फ्लूनंतर छातीत पू झालेला. त्याचा जंतू भलताच हट्टी निघाला. एकामागून एक औषधाला दाद देईना. ख्वाजाभाई जंतू वाढवायची काचेची प्लेट उजेडात धरून म्हणाले, "म्याडम, ये किसीकी नै सुनता. अपने दिनकर सरकीच सुनेगा!"

मला इतका राग आला! जंतूंनी तरी निदान माझं ऐकावं!

शेवटी एक औषध सापडलं. मी वर फोन केला. दिनकरनं ते सुरू केलं. माणूस बरा होऊन घरी गेला. आणि एके दिवशी परत आला, खांद्यावर केळीचा अख्खा घड घेऊन. अर्धापूरची केळी, त्यांच्याबद्दल मी सांगायला नको. मी खिडकीतून बघतेय. तो लॅबसमोरून आला. थांबला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आला आपला दिवस!

"बाई, दिनकर सर कोणत्या मजल्यावर हायत?"

मी बोट वर केलं. दुसरं काय करणार? त्याला केळीचा घड, मला बेडका! नोकरीच अशी धरली आम्ही.

दिनकरनं नंतर मला डझनभर केळी पाठवली. मी फणकाऱ्यानं ती तशीच टेबलावर ठेवून दिली. पार काळी पडली, त्यांच्यावर बुरशी आली. मग मला राहवेना. ती बुरशी मी प्लेटवर वाढवली. लई सुंदर आली! दिनकरला बोलावून दाखवली.

तो म्हणाला, "अगं, मी खायला दिली होती!"

*

मुदखेडच्या दोन बहिणी. दोघींचे नवरे एका लग्नात पंगतीला शेजारी बसले आणि दोघांनाही एकदम फ्लू झाला. दोघांनाही पुन्हा ताप आला. दोघेही साडू एकाच वॉर्डात, शेजारशेजारच्या खाटांवर.

थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या बेडक्यात दोन प्रकारचे जंतू निघाले. धाकटीच्या नवऱ्याच्या प्लेटवर काहीच वाढलं नाही. खरं तर आनंदाची बातमी. पण धाकटी तणतणत माझ्या खिडकीत!

"बाई, अक्काच्या मालकाचे दोन दोन उगवले, अन् आमच्या मालकाचा एक बी न्हाई? असं काहून?"

मी म्हटलं, "अहो, नाही उगवला तर चांगलंच आहे की."

"कसं चांगलं? लग्नातबी त्यांना आहेर मोठा, हितंबी त्यांनाच जास्ती! तुम्ही आमचं नीट पेरलंच न्हाई. परत पेरा!"

माझं म्हणणं काही तिला पटेना. मग दिनकर जिना उतरून आला. तो फक्त एवढंच म्हणाला, "काकू, जंतू न्हाईत म्हणजे तुमचे मालक आधी घरी जाणार. अक्काचे मागं राहणार."

बाईचा चेहरा असा खुलला! "असं व्हय? थांबा, अक्काला सांगून येते!" आणि पदर सावरत जिन्यावरून अक्षरशः पळत गेली.

मी तेच सांगत होते हो! तेच! पण तो बोलला की ऐकू जातं.

आणि दुसऱ्या दिवशी खिडकी उघडते तर समोर थोरली बहीण. डोळ्यांत पाणी, हात जोडलेले.

"बाई, काय बी करा. आमचे दोन काढून धाकटीला द्या!"

*

आता कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला किस्सा. ते दिवस हसण्याचे नव्हते, पण तेव्हाही माझं जळणं काही थांबलं नव्हतं.

कोरोनातून उठलेल्या, साखर वाढलेल्या माणसांना तेव्हा नाकात, डोळ्यामागं काळी बुरशी व्हायला लागली होती. आमच्याकडच्या पहिल्या पेशंटच्या नाकातला तुकडा मी मायक्रोस्कोपखाली घेतला आणि ते रुंद, वेडेवाकडे धागे दिसले. मी धावत वर गेले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना लगेच बोलावलं. ऑपरेशन झालं. माणूस वाचला, त्याचा डोळाही वाचला. त्या दिवशी मी घरी जाऊन एकटीच रडले, समाधानानं.

मग टीव्हीवाले आले. त्यांना बुरशी शोधणारा डॉक्टर हवा होता. आणि त्यांनी कुणाला धरलं? दिनकरला!

तो बिचारा म्हणत होता, "अहो, ते म्याडमनी..." पण कॅमेरावाल्याला घाई होती. त्यानं दिनकरला माझ्या लॅबमध्ये, माझ्या खुर्चीत, माझ्या मायक्रोस्कोपपुढं बसवलं. "सर, आत बघत बघत बोला." मला म्हणाला, "म्याडम, जरा बाजूला. हातात एक ट्यूब धरून मागं उभ्या राहा. चांगलं वाटतं."

दिनकरनं भिंगाला डोळे लावले आणि भारदस्त आवाजात सुरू झाला, "आपण आत्ता बघून राहिलो, ही ती बुरशी. अगदी स्पष्ट दिसून राहिली..."

मायक्रोस्कोपचा दिवाच बंद होता!

आत काळोख. आणि हा त्या काळोखात बुरशीचं वर्णन करतोय! मी मागून खाणाखुणा करतेय, ख्वाजाभाई तोंडात रुमाल कोंबून कोपऱ्यात बसलेत. दिनकर बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय दिसलं रे?" तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "काळीच म्हणतात ना तिला? काळंच दिसलं!"

बातमी लागली तेव्हा रेणापूरहून आईचा फोन.

"शैला, दिनकर टीव्हीवर दिसला! काय रुबाब! सगळ्या गल्लीला बोलवून दाखवला."

"अन् मी?"

"हाव, तूबी दिसलीस की. मागं तुझा हात दिसला, नळी धरलेला. मी सगळ्यांना सांगितलं, त्यो हात आमच्या शैलाचा."

*

आता आईबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण माझं खरं दुखणं तिथं आहे. पेशंट ओळखत नाहीत त्याचं एवढं नाही. पण आई!

आई रेणापूरला भावाकडे असते. शेतात आयुष्य गेलं, पण मला शिकवलं तिनंच. कॉलेजात असताना दिनकर सुट्टीत आमच्या घरी येऊन भाकरी-ठेचा खाऊन जायचा, तेव्हापासून तो तिचा लाडका. आणि मी? माझ्याबद्दल कुणी विचारलं तर आई सांगते, "माझी लेक नांदेडला दवाखान्यात हाय."

डॉक्टर हाय, असं नाही. दवाखान्यात हाय! गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटतं मी नर्स आहे. उरलेल्यांना वाटतं मी ॲडमिट आहे! एक म्हातारी तर दर दिवाळीला आईला विचारते, "पोरीला सुट्टी कधी देणार हो?"

एकदा मी आईला स्पष्टच विचारलं, "तू मला डॉक्टर का म्हणत नाहीस?"

ती म्हणाली, "तू नाडी बघत न्हाईस, सुई टोचत न्हाईस, छातीला नळी लावत न्हाईस. दिनकर बघ, नुसता हात लावला तरी निम्मं दुखणं जातं!"

मला एवढंच हवं होतं हो. एकदा, फक्त एकदा, आईच्या तोंडून माझ्याबद्दल 'डॉक्टर' हा शब्द. केळीचा घड नको, टीव्ही नको. पण तोही शब्द दिनकरनं नेलेला.

*

आता शेवटचा. आधीच सांगून ठेवते, आई आज रेणापुरात ठणठणीत आहे आणि वहिनीशी भांडण्याइतका दम तिच्या छातीत आहे. नाहीतर तुम्ही उगाच घाबराल. मी तेव्हा घाबरले होते.

आई थोडे दिवस माझ्याकडे राहायला आली आणि फ्लूची साथ तिला लागली. ताप आला, गेला. मऊ भात खाऊन ती अंगणात उन्हात बसायला लागली. आणि एका सकाळी भांडी घासणाऱ्या बाईनं हाक मारली, "ताई, आजी लई कापून राहिल्यात." मी जाऊन हात लावला. अंग तव्यासारखं. श्वास वरवर. तोच तो दुसरा ताप. हजारो डब्यांवर मी ज्याचं निदान केलं तो माझ्याच घरात, माझ्याच आईच्या छातीत.

दिनकरनं तिला लगेच भरती केलं. त्याला बघून आई धापा टाकत हसली. "दिनकर, तू हायस... मग फिकर न्हाई." मी तिथंच उभी होते, तिची पिशवी धरून. आई मरणाच्या दारात असतानाही मी जळले, खोटं कशाला बोलू?

मी डबी तिच्यापुढं धरली. "आई, यात खोकून दे."

आईनं तोंड फिरवलं. "न्हाई."

"अगं, जंतू कुठला ते कळायला पाहिजे."

"लेकीच्या हातात थुंकू का? तुला मी हातात घास दिला, आता बेडका द्यू? पाप लागंल मला."

"आई, मी रोज लोकांचा बघते!"

"लोकांचा बघ. आईचा बघायचा न्हाई."

दिनकरनं समजावलं, नर्सनं समजावलं. शेवटी आई म्हणाली, डबी ठेवून जा, बघते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबी खरंच खाली आली! झाकण नीट लावलेलं, आईचं नाव घातलेलं. मला इतकं बरं वाटलं! तिनं शेवटी माझं ऐकलं!

त्यातून हिरवट जंतू वाढला. गोडसर वासाचा, पक्का बदमाश. मी औषध सांगितलं, दिनकरनं इंजेक्शन बदललं. आम्ही वाट बघितली. ताप उतरेना. ऑक्सिजन वाढवावा लागला. दिनकर माझ्याशी बोलताना खाली बघायला लागला, आणि हे लक्षण मला चांगलं माहीत होतं. मी पुन्हा पुन्हा तीच प्लेट बघत बसले. माझं कुठं चुकलं?

ख्वाजाभाई शेजारच्या टेबलावर दुसरी प्लेट बघत होते. आईच्या शेजारच्या खाटेवरच्या गंगूबाईची. गंगूबाई देगलूरकडच्या. छातीचा आजार जुना. त्यांचा खोकला सगळ्या मजल्याला पाठ झालेला. ख्वाजाभाईंनी ती प्लेट उचलून माझ्या प्लेटशेजारी ठेवली.

"म्याडम, ये दोनों तो सगी बहनां लगरे."

तोच हिरवा रंग. तोच वास. तीच औषधं चालत होती, तीच चालत नव्हती. हा जंतू गंगूबाईंसारख्या जुन्या छातीत घर करून राहतो. माझ्या आईच्या छातीत त्याचं काय काम?

मी जिना कसा चढले मला आठवत नाही. वॉर्डात शिरले आणि माझा चेहरा बघूनच गंगूबाई बोलायला लागल्या.

"म्या काय करू बाई! तुमची मायच म्हणली, तू तशीबी खोकून राहिलीस, तर जरा माझ्या डबीतबी खोक!"

"अन् तुम्ही खोकलात?"

"मग? शेजारी न्हाई म्हणायचं का?"

आईनं तोंडावर पदर घेतला होता. मास्कच्या वरून फक्त डोळे दिसत होते. वॉर्डातले सगळे आमच्याकडे बघत होते. राग आला आणि रडूही आलं.

"आई," मी म्हणाले, "दिनकरनं नळी लावली की जीव तोडून श्वास ओढतेस. त्यानं जीभ काढ म्हटलं की जीभ काढतेस. अन् माझ्या डबीत दुसरीला खोकायला लावतेस? चुकीचं औषध चाललंय तुला! माझ्या हातून चाललंय! तो डॉक्टर, आणि मी कोण गं?"

आई धापा टाकत म्हणाली, "तू... लेक हायस."

"मग लेकीला देऊ नकोस!" मी ओरडलेच. "लेक गेली घरी! खाली लॅबमध्ये एक डॉक्टर बसलीय, तिला दे! द्यायचं तर तिला दे, नाहीतर राहू दे!"

कोरी डबी तिच्या उशाशी आपटून मी खाली आले आणि खिडकीत बसले.

पुढं तिच्या खऱ्या बेडक्यातून काय निघालं ते आत्ताच सांगून टाकते. प्लेटवर सोनेरी ठिपके आले, चकचकीत. फ्लूच्या मागोमाग छातीत शिरणारा तो जुना चोर, त्याचा रंगच तसा असतो. त्याचं औषध वेगळं. ते सुरू झालं आणि ताप उतरला. पाटल्या वहिनीला, गोफ भावाला, आणि आयुष्यात आईनं मला सोनं दिलं ते असं! पण ते नंतरचं. खरा किस्सा डबी खाली कशी आली त्याचा आहे.

मी खिडकीत बसले होते. डोळे पुसून रोजचं काम करत होते, कारण रांग लागलेली होती. मान खाली, हात पुढे. "कुणी पाठवलंय?" "डॉक्टरनी." पुढचा. "कुणी पाठवलंय?" "डॉक्टरनी."

रांगेत मागं काहीतरी कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "अहो सर, तुम्ही पुढं व्हा की." कुणीतरी म्हणालं, "न्हाई न्हाई, असू द्या, मी थांबतो." मी मान वर केली नाही. ख्वाजाभाईंनी मला कोपरानं ढोसलं, तरी केली नाही.

खिडकीत एक हात आला. हातात डबी, झाकण घट्ट लावलेलं.

मी विचारलं, "कुणी पाठवलंय?"

"आईनी."

मी वर बघितलं. दिनकर. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागं सगळी रांग त्याच्याकडे बघतेय. मी डबी घ्यायला हात पुढं केला तर त्यानं ती मागं घेतली.

"थांब. आधी त्या काय म्हणाल्या ते सांगायचंय, तसं वचन घेतलंय माझ्याकडून."

"काय म्हणाली?"

"म्हणल्या, दिनकर, तू हितं नुसता उभा राहून काय करून राहिलास? ही डबी खाली ने. अन् बघ, कुणाच्याबी हातात देऊ नको. डॉक्टरच्याच हातात दे."